कासवाचा दिवा

तळवडं मागे पडलं आणि गाडीचा जीवच गेला. निशिगंधाने पाय दाबला, आणखी दाबला, पण गाडी आपली बैलगाडीच्या चालीने. समोरच्या काट्यांच्या पट्टीवर पिवळ्या कासवाचं चिन्ह उजळलं आणि त्याखाली इंग्रजीत सूचना आली, की हायब्रिड यंत्रणेत बिघाड आहे, सुरक्षित जागी थांबा. मागचा कंटेनरवाला तर असा भोंगा वाजवत होता, जणू रस्ता त्याच्या बापाने बांधलाय!

साडेदहा वाजले होते. अकराला चाकणच्या कंपनीत तिची मुलाखत. बाळंतपणात जुनी नोकरी गेली, त्यानंतर हे पहिलंच बोलावणं. सव्वाअकरानंतर गेट पास मिळणार नाही, असं फोनवर बजावलेलं. ही संधी हुकली की दिवाळीपर्यंत घरी बसायचं.

"काय झालं गं?" मागून सासूबाईंनी, यशोदाबाईंनी विचारलं. नऊ महिन्यांची तेजू त्यांच्या मांडीवर झोपली होती. लेक अजून अंगावर पीत होती, म्हणून दोघींना सोबत आणलं होतं.

"कासवाचा दिवा लागलाय. गाडीची ताकद गेली."

"कासव व्हय? देवळात आसतंय तसं? मंग चांगलंच की."

निशिगंधाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने गाडी कशीबशी एका टपरीशेजारी घेतली. मदतीच्या नंबरवरचा माणूस गोड आवाजात म्हणाला, मॅडम, गाडी चालवू नका, उचलायला दोन तासांत येतो. नवऱ्याला फोन लावला, तर प्रज्वल शिफ्टवर, मोबाइल लॉकरमध्ये. रिक्षा येत होत्या त्या खच्चून भरलेल्या.

जुन्या नोकरीत आठ वर्षं ती मालाच्या तपासणी विभागात होती. तिथे एक शिस्त होती, माल बिघडला तर पाच वेळा 'का' विचारायचं आणि पाचवं उत्तर मिळेपर्यंत कुणावर ओरडायचं नाही. तिने स्वतःला तेच बजावलं. ताकद का गेली? हायब्रिड गाडी पेट्रोलबरोबर बॅटरीवरही चालते आणि ती बॅटरी मागच्या सीटखाली असते. तिने दार उघडून सीटवर हात ठेवला, तर तवा! बॅटरी तापली होती. का तापली? तिला गार हवा मिळाली नसणार. हवा का नाही मिळाली? सीटच्या कडेला हवा ओढायची जाळी असते, तिकडे तिने वाकून पाहिलं.

जाळीच्या खाचेत तेजूचं दुपटं कोंबलेलं होतं. चांगलं ठासून, उखळात कुटल्यासारखं.

दुपटं का कोंबलं, या चौथ्या 'का'च्या उत्तरासाठी ती थांबलीच नाही. आठ दिवस घरात सासूबाईंचं ऐकत होती ती, दूध पितं लेकरू टाकून कंपनीत कशाला. दुपटं ओढून काढत ती ओरडली, "मी जाऊ नये म्हणूनच केलंत ना हे?"

तेजू दचकून रडायला लागली. टपरीवरचे दोघे चहा धरून बघत राहिले.

"तितं घुर्रर आवाज येत व्हता," बाई हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, वारं सुटलंय. पोरीच्या टाळूला लागल."

"अहो, ते वारं बाहेर येत नाही, बॅटरी गार करायला आत जातं!"

"मला काय ठावं?"

निशिगंधाने काचा चढवल्या, एसी पूर्ण सोडला आणि घड्याळाकडे बघत बसली. दहा चाळीस. कासव ढिम्म. मागे फडफड ऐकू आली म्हणून तिने वळून पाहिलं. यशोदाबाई एका हाताने पोर छातीशी धरून, दुसऱ्या हाताने जाळीवर वारा घालत होत्या. तापलेल्या लेकराला घालतात तसाच. हातात निशिगंधाच्या प्रमाणपत्रांची फाईल होती. "आई, ती फाईल!" हे शब्द तिच्या ओठांवर आले आणि तिने गिळले. स्वतःची लाज वाटली तिला.

दहा पन्नासला कासव विझलं. तिने गाडी बंद करून चालू केली, पाय जपून टेकवला. गाडीने वेग पकडला. इंद्रायणीचा पूल ओलांडला, महाळुंग्याला ट्रकांची रांग लागली. तिची नजर अर्धी रस्त्यावर आणि अर्धी त्या दिव्याच्या जागेवर.

अकरा वाजून बारा मिनिटांनी कंपनीच्या गेटवर ती उतरली. निघाली, चार पावलं गेली आणि परत आली. पाचवा 'का' राहिला होता.

"आई, वारं लागतंय हे मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं आसतं तर तू एशी बंद केला आसतास. घामाघूम हून साहेबाम्होरं गेली आसतीस." बाईंनी तेजूचं टोपडं सारखं केलं. "आन् पोर आजारी पडली आसती तर तूच म्हनली आसतीस, जाऊ दे ती नोकरी. तुला ठावं न्हाई तुझा सोभाव, मला हाय. म्या बडबडती, त्ये सोड. पळ आता."

आत साहेबांनी फाईल उघडली. मधोमध दुमडलेली, कडा घामाने ओल्या. "हे काय?" त्यांनी कपाळाला आठी घातली.

"सासूबाईंनी बॅटरीला वारा घातला, सर," निशिगंधा म्हणाली. मग तिने पहिल्या 'का'पासून सगळं सांगितलं, आपण चौथ्यालाच ओरडलो हेसुद्धा. पाचव्याचं उत्तर तिने सासूबाईंच्याच शब्दांत सांगितलं. साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

तासाभराने ती बाहेर आली. यशोदाबाई लिंबाच्या सावलीत बसल्या होत्या, दुपटं जमिनीवर अंथरून त्यावर तेजू. बाईंनी मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"सोमवारपासून या म्हणाले."

यशोदाबाईंनी पदराने डोळे पुसले, तेजूला उचलून निशिगंधाच्या हातात दिलं आणि दुपटं झटकत म्हणाल्या, "मंग आजपास्नंच वरचं दूध लावू. चारच दिस हायेत."