वेगळी चकती

तिने सॉसेजच्या तीन चकत्या तीन पांढऱ्या बशांत मांडल्या आणि बाबांच्या पुढ्यात ठेवल्या. शेजारी कोमट पाण्याचा पेला.

"यातल्या दोन सारख्या आहेत. वेगळी कुठली, ते सांगायचं. मध्ये मध्ये पाणी प्या."

"आणि नापास झालो तर जेवण बंद?"

ती हसली नाही. चाचणी घेणाऱ्याने चेहरा कोरा ठेवायचा असतो. मांसाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत ते तिच्या अंगवळणी पडलं होतं. वेगळ्या चकतीत मीठ जवळजवळ निम्मं होतं; गेलेली चव तिने यीस्टचा आणि अळंब्यांचा अर्क घालून भरून काढली होती. फरक ओळखू आला नाही, तर तिचं काम फत्ते. हे अर्थात चाखणाऱ्याला सांगायचं नसतं.

बाबा हॉटेलात आचारी होते. नुसत्या वाफेवरून मीठ सांगतात, अशी त्यांची ख्याती. हृदय थकल्यावर डॉक्टरांनी मीठ कमी करायला लावलं, तेव्हापासून ते ताटातलं अन्न चिवडत बसत.

त्यांनी डोळे मिटून पहिली चकती चघळली, मग दुसरी. तिसरीनंतर पुन्हा पहिलीकडे आले. बराच वेळ घेतला. शेवटी मधल्या बशीवर बोट ठेवलं.

"ही."

कमी मिठाची चकती डावीकडे होती. तिला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. तिने बशा एकात एक ठेवल्या.

"बरोबर ना?"

"आत्ता नाही सांगता येणार, बाबा. पुढची खेपही तुम्हालाच चाखायचीय. आज कळलं तर तुम्ही सावध व्हाल."

"म्हणजे चुकलो."

"मी असं म्हटलं का?"

"अगदी आईवर गेलीयस. माझं काही बिघडलं की तीही अशीच गप्प बसायची." त्यांनी रुमालाने ओठ पुसले. "जाऊ दे. जीभ गेली गं माझी."

ती काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात कारखान्यातून फोन आला. फोनवर बोलतच तिने चपला घातल्या.

पुढची खेप तयार होण्याआधीच बाबा एका रात्री झोपेतच गेले.

नंतर कधीतरी वहिनी सहज बोलून गेली. "शेवटी शेवटी रश्श्याची चवसुद्धा बघेनात गं. मी चमचा पुढे केला, की म्हणायचे, तूच बघ, मला नाही कळत आता."

मोठी चाचणी ठरल्याप्रमाणे झाली. कारखान्यातलीच माणसं एकेक करून आत येत होती. हिशेबनीस बाईंनी तिन्ही चकत्या मन लावून चाखल्या, उजवीकडच्या बशीवर बोट ठेवलं आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"चुकलं वाटतं माझं. त्या तापानंतर तोंडाला चवच राहिली नाही बघ."

आता फक्त 'धन्यवाद' म्हणून पुढच्याला हाक मारायची होती. ती बशा उचलायला वाकली आणि तशीच थांबली.

"जिभेला काही झालेलं नाही तुमच्या," ती म्हणाली.

हिशेबनीस बाईंचा पेला ओठांपाशीच राहिला.

"कळू नये म्हणूनच तर एवढं केलं. तुम्हाला चवीने चार घास खाता यावेत म्हणून." तिने कमी मिठाची बशी पुढे सरकवली. "तुमच्यासाठीच केलं होतं, बाबा."