दुसरी किल्ली

फिद्दाने उलट्या तव्यावरची शेवटची रोटी उचलून कापडात गुंडाळली, तेव्हा हायिल दारात उकिडवा बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. नाड्या झाल्या की तो उठणार, दाराशेजारच्या खिळ्यावरची किल्ली घेणार, गळ्यात घालून सदऱ्याच्या आत सोडणार, हे घरातल्या कोंबड्यांनाही पाठ झालं होतं.

"बघा, बघा," मसूर निवडत बसलेली त्याची आई तमाम म्हणाली. "बायकोशी धड बोलला नाही सकाळपासून, पण किल्लीला कसा उराशी धरतोय!"

"काकू, ती माझी सवतच आहे," फिद्दा म्हणाली. "आणि तिला दोरी मीच विणून दिली. माझ्यासारखी खुळी बाई गावात दुसरी नसेल."

हायिल हसला. "ही सवत तोंडाने गप्प असते. तेवढं शिकून घे तिच्याकडून."

दोरी काळ्या शेळीच्या केसांची होती, घामाने मऊ झालेली. किल्ली पितळेची, अंगठ्याएवढी. तफीलाच्या डोंगरात त्या काळी पांढऱ्या दगडाची ती एकच मोठी खाण होती. अम्मानमध्ये नवी घरं उठत होती आणि त्यांचा दगड इथून जायचा. कड्यात भोकं पाडून दारू ठासायची, तारा जोडायच्या, त्या वर मोकळ्या जागी ठेवलेल्या लाकडी पेटीपर्यंत आणायच्या. पेटीत किल्ली घालून फिरवली की कडा कोसळायचा. किल्ली नसेल तर ती पेटी म्हणजे नुसता लाकडाचा ठोकळा. म्हणून नियम असा होता की सुरुंग उडवणारा तपासणीसाठी कड्याखाली उतरला की किल्ली त्याच्याच गळ्यात खाली उतरायची. पेटी एक, किल्ली एक. दुसरी कुणी करायची नाही.

हायिलचा बाप मिफलेह याने बावीस वर्षं तीच किल्ली गळ्यात वागवली होती. त्या कामाने त्याची दोन बोटं खाल्ली आणि कान जवळजवळ बहिरे केले. मुलाला किल्ली देताना तो एवढंच बोलला होता, "पेटीपाशी किल्ली ठेवून खाली उतरलास, तर मला बाप म्हणू नकोस." हायिल कधी तसा उतरला नाही. खाणीचा मुकादम नाइफ मात्र त्यावर सदा धुसफुसत असे. "ट्रक उभे राहतात माझे. हा खाली जाऊन एकेका भोकाला कान लावत बसतो. तोवर मी काय मेंढ्या मोजू?"

त्या दिवशी हायिल रोटी आणि कांदा घेऊन गेला. जाताना धाकट्या भावाला, खलफला, हाक मारून म्हणाला, "संध्याकाळी गाढवाचा नाल बघून ठेव रे," आणि उतरणीला लागला.

दुपारी फिद्दा गच्चीवर होती. दह्याचे खारवलेले गोळे उन्हात घालत होती. सुरुंगाची हाळी गावातल्या प्रत्येक बाईच्या कानात बसलेली असायची. "बारूद!" अशी लांब श्वासाची हाक तीनदा यायची. पहिल्या हाकेला बायका पोरांना आत ओढायच्या, तिसरीला कपाटातली काचेची भांडी धरायच्या. हायिलचा आवाज खालच्या दरीत घुमून परत यायचा आणि फिद्दाला मनातल्या मनात थोडा तोरा वाटायचा.

त्या दुपारी हाक एकदाच आली. आवाज नाइफचा होता. आणि ती विरायच्या आत घर हादरलं.

"काकू, आज हायिल का नाही ओरडला?" फिद्दाने वरून विचारलं.

खाली भिंतीच्या सावलीत बसलेल्या मिफलेहने तळहात जमिनीवर टेकवला होता. मग तो उठला. काठी तिथेच राहिली.

हायिलला चौघांनी घोंगडीत घालून आणलं.

नाइफने अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं की कड्यात एक जुना बार न उडता राहिला होता, हायिलने घाईत त्यात पहार घातली. "मी बघितलं, ओरडलो, पण तोवर झालं होतं. त्याचीच चूक, पण वेळ आली की कुणाचं चालतं?" इमामाने मान हलवली. बायकाही तेच म्हणाल्या, नशिबात लिहिलेलं होतं. बापाने स्वतःच्या हातांनी मुलाला आंघोळ घातली आणि दाराच्या फटीतून फिद्दाच्या हातात ती दोरी दिली. किल्ली शाबूत होती.

तीन दिवस फिद्दा बायकांच्या खोलीत भिंतीला टेकून बसली. लोक येत होते, गळ्यात पडत होते, कडू कॉफीचे घोट घेऊन जात होते. तिच्या मुठीत किल्ली होती. घाईत पहार? जो माणूस गाढवाच्या नालाचे खिळे दोनदा मोजायचा? ती अंगठ्याने किल्लीची खाच चाचपत राहिली, आणि तिसऱ्या दिवशी तिला तो शुक्रवार आठवला.

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. हायिल नमाजाला गेला होता. तिचा सख्खा भाऊ सत्ताम, गावातला लोहार, तिळाच्या वड्या घेऊन आला होता. खिळ्याकडे बघून म्हणाला, "हिची मान झिजलीय गं. एक दिवस आत मोडून बसेल. दे, नमाज सुटायच्या आत नीट करून आणतो. आणि त्याला सांगू नकोस. त्याच्या किल्लीला कुणी हात लावला की फुरंगटतो तो." फिद्दाने दिली होती. भावाला नाही द्यायची, तर कुणाला? किल्ली वेळेत परत आली. तिच्या खाचेत ऑलिव्हच्या तेलाच्या हिरव्या साबणाचा बारीक गोळा अडकला होता. फिद्दाने सुईने तो काढला आणि हसली होती, सत्तामने किल्लीलासुद्धा आंघोळ घातली म्हणून.

आता तिला हसू आलं नाही. साबणाच्या वडीत किल्ली दाबली की काय उमटतं, हे लोहाराच्या घरी वाढलेल्या मुलीला कुणी सांगावं लागत नाही.

त्याच संध्याकाळी सत्ताम साखरेची गोणी घेऊन आला. तिने त्याला कोठीत नेलं.

"किल्लीला साबण कशाला लागला होता रे?"

तो गोणीकडे बघत राहिला. मग गोणीवरच बसला. "नाइफ म्हणाला, हायिल कधी आजारी पडला तर काम अडायला नको. नुसती ठेवून देईन म्हणाला. खाणीच्या सगळ्या पहारींना धार लावायचं काम मला दिलं त्याने, माहीत आहे तुला."

"मला काय माहीत होतं? मला वाटलं, तुझा हात चांगला आहे म्हणून दिलं."

"फिद्दा, मी का त्याला मारलं? नाइफला वाटलं, हायिल पलीकडून वर आला. ट्रक उभे होते..."

"म्हणजे तुला कळलं होतं. तीन दिवस तू माझ्या शेजारी रडलास आणि तुला कळलं होतं."

"उद्या जाहा येणार आहे," तो घाईने म्हणाला. जाहा म्हणजे समेट मागायला येणारं प्रतिष्ठितांचं मंडळ. "खाणवाल्यांनी मोठमोठी माणसं जमवलीत. खलफला हायिलची जागा देतायत. तुझ्या सासऱ्याने एकदा 'कॉफी घ्या' म्हटलं की मिटलं. तू तोंड उघडलंस तर माझी भट्टी जाईल, लोक माझ्यावर थुंकतील. नवरा तर गेला, आता भाऊही घालवायचाय का तुला?"

फिद्दाने कोठीचं दार उघडून धरलं. तो गेला. साखर तिथेच राहिली.

खलफला हायिलची जागा. म्हणजे ही किल्ली उद्या खलफच्या गळ्यात, आणि दुसरी नाइफच्या खिशात. फिद्दा रात्रभर एवढंच बघत होती.

चौथ्या दिवशी पुरुषांच्या बैठकीत पन्नासेक माणसं बसली. रीत जुनी होती आणि सगळ्यांना मान्य होती. पहिला पेला जाहाच्या सर्वांत वडील माणसासमोर ठेवायचा. तो त्याला हात लावत नाही. आधी मागणं सांगतो. यजमान "घ्या तुमची कॉफी" म्हणाला की मागणं मान्य, आणि त्यानंतर त्या विषयावर पोलिसांत, कचेरीत, रस्त्यावर कुणी कुणाला अवाक्षर विचारायचं नाही. या रितीने त्या डोंगरात कितीतरी सूड थांबले होते, हे खरं आहे. आणि किती खून तिने गिळले, ते बायकांच्या खोलीत कुणी विचारलं नव्हतं, कारण पेला बायकांसमोर कधी ठेवलाच जात नव्हता.

पांढऱ्या दाढीचे एक वृद्ध शेख बोलले. गोड बोलले. दुर्दैव म्हणाले, तरुणाची चूक म्हणाले, मोठ्या मनाचं घर म्हणाले. "मिफलेह, आम्ही तुझ्या दारात आलोय. खाणीवर दावा नको, तक्रार नको. खलफ आमचाही मुलगा." नाइफ त्यांच्या मागच्या ओळीत खाली मान घालून बसला होता. सत्ताम सोयरा म्हणून मिफलेहच्या उजव्या हाताला होता.

मिफलेहने ओठ उघडले, तेवढ्यात बायकांच्या खोलीकडचा पडदा सरकला.

"काकू, तिला आत घ्या!" कुणीतरी दबक्या आवाजात ओरडलं. तमाम पडद्यापाशीच उभी होती. तिने सुनेचा हात धरला नाही.

फिद्दा अनवाणी चालत मधोमध आली आणि तिने किल्ली थाळीत, त्या भरल्या पेल्याशेजारी ठेवली. पितळेवर पितळ वाजलं.

"पोरी, तुझं दुःख आम्हाला कळतं," शेख म्हणाले. "पण ही पुरुषांची बैठक आहे."

"मेला तो पुरुषच होता, शेख. त्याच्या वतीने आलेय." तिने थाळीतल्या किल्लीकडे बोट केलं. "ही त्याच्या गळ्यात होती. म्हणजे तो नियमाने खाली उतरला होता. आता दुसरी किल्ली या थाळीत ठेवा आणि मग कॉफी प्या."

"दुसरी कसली?" नाइफ उठून म्हणाला. "जुना बार होता. बाई दुःखाने भ्रमिष्ट झालीय."

"जुन्या बारासाठी 'बारूद' ओरडतात होय रे? मी गच्चीवर होते. तू आधी ओरडलास आणि मग उडालं." ती भावाकडे वळली. "सत्ताम, सांग यांना. काल मला सांगितलंस ते."

सगळ्या माना वळल्या. सत्तामने बहिणीकडे बघितलं. लहानपणी विंचू चावला तेव्हा त्याला पाठीवर घेऊन दीड कोस पळालेली बहीण.

"मला काही माहीत नाही," तो म्हणाला. "काल मी फक्त साखर द्यायला आलो होतो."

बैठकीत एक सुस्कारा फिरला, सुटकेचा. शेखांनी पुन्हा मिफलेहकडे बघितलं. पेल्यातली वाफ संपत आली होती. फिद्दा सासऱ्यासमोर खाली बसली आणि त्याच्या कानाशी मोठ्याने म्हणाली, "काका, तुम्हीसुद्धा?"

म्हाताऱ्याने आपल्या तीन बोटांच्या पंजाकडे बघितलं.

"मला कान नाहीत," तो म्हणाला. "बार मी जमिनीतून ऐकतो. राहिलेला बार एकदाच धक्का देतो. त्या दिवशी सहा आले, एका ओळीत. पेटीचेच होते." त्याने डोळे पुसले नाहीत. "चार दिवस मला कळलेलं आहे. मुलाला आंघोळ घालताना कळलेलं होतं. म्हटलं, एक गेला, दुसऱ्याला काम मिळतंय, गप्प बसावं. सूनबाई, तुझा पहिला गुन्हेगार मी आहे."

मग त्याने हात लांब करून पाहुण्यासमोरचा पेला उचलला आणि चुलीतल्या राखेत ओतला.

"शेख, तुमच्या पायाशी आमचा मान आहे. पण आज या घरात कॉफी नाही."

दुसऱ्या दिवशी खाणीची चाळीस माणसं वरच्या सपाटीवर बसून राहिली. सर्वांत पुढे खलफ होता. दुसरी किल्ली हातात येईपर्यंत कुणी उतरणार नव्हतं. दुपारी नाइफने ती दगडावर टाकली. कानशीचे ओरखडे अजून ताजे होते. मिफलेह ती घेऊन थेट सत्तामच्या भट्टीवर गेला. "तू घडवलीस, तूच ठेच." सत्तामने ठेचली. नंतर तफीलाच्या पोलिसांत तक्रार झाली. नाइफला शिक्षा कमीच झाली, आणि खाण चार महिने बंद राहिली तेव्हा उपाशी घरांनी शिव्या फिद्दालाच दिल्या. पाणी भरायला ती गेली की बायका हंडे उचलून बाजूला व्हायच्या. पण खाण पुन्हा सुरू झाली त्या सकाळी, त्याच बायकांनी आपापल्या नवऱ्यांना दारात अडवून विचारलं, "किल्ली एकच आहे ना?" तो प्रश्न मग त्या गावात राहिला.

ईदला भाऊ बहिणीच्या दारी जातो. पहिल्याच ईदला सत्ताम आला. नवा अंगरखा, हातात तिळाच्या वड्या. फिद्दाने त्याला आत घेतलं, गादी घातली. वेलदोडा कुटून कॉफी केली आणि भरलेला पेला त्याच्यासमोर ठेवला.

त्याने पेल्याला हात लावला नाही. मागायला आलेला माणूस लावत नाही.

"फिद्दा," तो म्हणाला, "मी..." तो थांबला, तिने 'कॉफी घे' हे दोन शब्द उच्चारावेत म्हणून.

फिद्दा समोर बसून होती. दाराशेजारच्या खिळ्यावर रिकामी दोरी लोंबत होती. आतून तमामने एकदा डोकावून बघितलं आणि ती परत गेली.

पेल्यातली कॉफी गार होईपर्यंत तो बसला. मग उठून गेला.