चमचा निघाला, बर्फ पडणार!

"चमचा निघाला!" त्र्यंबककाका ओरडले आणि त्यांच्या परसात जमलेल्या साठ-सत्तर मराठी माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कुणी चकलीचा तुकडा तोंडात तसाच ठेवून पुढे सरकलं, कुणी कॅमेरा उंचावला. पोरं तर शाळेला सुट्टी मिळणार म्हणून नाचायलाच लागली, "स्नो डे! स्नो डे!" करत.

२००६ सालच्या दिवाळीतला शनिवार. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाचा फराळ दरवर्षी काकांकडे होई, कारण काकांच्या परसात पर्सिमनचं, टोमॅटोसारख्या नारिंगी फळांचं झाड होतं आणि त्या झाडाच्या फळात म्हणे येणाऱ्या हिवाळ्याची कुंडली होती. पिकलेलं फळ फोडायचं, बी काढायची आणि चिरायची. आत पांढरा चमचा दिसला तर फावड्याने उपसावा लागेल इतका बर्फ. सुरी दिसली तर अंग कापणारा कोरडा वारा. काटा दिसला तर हिवाळा मिळमिळीत. इथल्या खेड्यांतली ही जुनी समजूत. काकांनी तिला हळदकुंकू लावून आपल्यात घेतलं होतं. खरंच लावलं होतं, बीला!

"लोक हवामानखात्याकडे बघतात," काका एका हातात बी आणि दुसऱ्या हातात सुरी धरून म्हणाले. "अरे, त्यांच्याकडे कॉम्प्युटर आहे, पण झाडाकडे मूळ आहे! मूळ पृथ्वीशी डायरेक्ट कनेक्टेड. बी म्हणजे निसर्गाचा अँटेना. मागच्या फेब्रुवारीत गाड्या गाडल्या गेल्या होत्या की नाही? कुणी सांगितलं होतं?"

"काकांनी!" मंडळी गरजली.

गर्दीच्या मागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले प्रल्हादराव जागेवरून अर्धे उठले होते. भंडाऱ्याहून जुलैत लेकीकडे आलेले, निवृत्त पोस्टमास्तर, वय अडुसष्ट, हृदय अशक्त. उन्हाळ्याने होणारी राखरांगोळी पाहण्यात आयुष्य गेलेल्या या माणसाला एकच गोष्ट बघायची होती, आकाशातून पडणारा बर्फ. तिकीट मात्र नोव्हेंबरअखेरचं होतं.

"काका, कधीपर्यंत पडेल?" त्यांनी विचारलं.

काकांनी बी डोळ्यांजवळ नेली, डोळे मिटले, उघडले. "डिसेंबरचा पहिला पंधरवडा. लिहून घ्या."

प्रल्हादरावांच्या शेजारी उभ्या असलेल्या लताबाईंनी काही बोलायला तोंड उघडलं. छत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेली बाई ती. लिंबातून रक्त काढणारे आणि नारळ पेटवणारे बाबा तिने शाळेच्या मैदानात पोरांच्या हातून उघडे पाडले होते. पण लेकीने, उल्काने, तिचा हात दाबला.

"आई, प्लीज. गंमत असते ती. आणि बाबा बघ ना किती खूश आहेत."

लताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. खरंच खूश होते. त्यांनी बोलण्याऐवजी चकली तोंडात टाकली.

त्याच आठवड्यात प्रल्हादरावांनी जावयाला सांगून तिकीट पुढे ढकललं.

डिसेंबरचा पहिला पंधरवडा आला आणि गेला. बर्फ सोडा, थंडीही नीट पडेना. काकांना फोन केला तर ते म्हणाले, "चमच्याचा दांडा जरा लांब होता, म्हणजे उशीर. ख्रिसमस!" ख्रिसमसला झिमझिम पाऊस झाला. "संक्रांतीच्या आत नक्की," काका म्हणाले. संक्रांतीनंतर दोनच दिवसांनी प्रल्हादरावांच्या राहण्याची परवानगी संपत होती, म्हणून तिकीट आणखी एकदा पुढे गेलं ते थेट शेवटच्या दिवसावर.

नात वल्लरी आठ वर्षांची. तिने आजोबांना शाळेतले उपाय शिकवले: पायजमा उलटा घालायचा, उशीखाली चमचा ठेवायचा, संडासात बर्फाचे खडे टाकायचे. "Everybody does it, आजोबा. Then it snows." त्यामुळे जर्सी सिटीतल्या त्या एकोणिसाव्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमास्तर उलटा लेंगा घालून, शिवणी बाहेर काढून खिडकीशी बसू लागला. शार्दूल, त्यांचा जावई, ऑफिसातून आल्यावर विचारी, "काय बाबा, काही अपडेट?" आणि सगळे हसत. लताबाईही हसत.

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात त्यांचं हसू थांबलं. प्रल्हादरावांच्या पायात बूट जाईनात. पावलं सुजली होती, बोटाने दाबलं की खळगा तसाच राही. दोन उशा घेतल्याशिवाय श्वास पुरत नव्हता. लताबाई चादर बदलायला गेल्या तेव्हा उशीखाली चमचा सापडला, आणि चमच्याजवळ कागदाची पुडी. पुडीत अर्ध्या केलेल्या गोळ्या होत्या. चमच्याच्या कडेला पांढरी पूड लागली होती.

"अहो, हे काय?"

प्रल्हादराव खिडकीतून वळले नाहीत. "पुरवतोय गं."

"काय पुरवताय?"

"गोळ्या. नोव्हेंबरपर्यंतच्याच आणल्या होत्या ना आपण. दिवाळीपासून अर्धी-अर्धी घेतो. बर्फ पडेपर्यंत पुरल्या म्हणजे झालं."

"उल्काला सांगायचं! इथे मिळत नाहीत का गोळ्या?"

"सांगितलं असतं तर तिने डॉक्टरकडे नेलं असतं. डॉक्टरने म्हटलं असतं, घरी जा."

उल्काने त्यांना त्याच दिवशी दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरने अगदी तेच म्हटलं. पूर्ण डोस आजपासून. अंगातलं पाणी उतरलं की लगेच विमानात बसवा, आणखी बिघडलं तर विमान कंपनीही बसवून घेणार नाही. उल्का घरी येऊन न्हाणीघरात दार लावून रडली. लताबाईंना बाहेर ऐकू येत होतं.

"पुढच्या मंगळवारचं तिकीट मिळतंय," शार्दूल म्हणाला. "बाबा, करू का बुक?"

"शनिवारी काका दुसरी बी कापणार आहेत," प्रल्हादराव शांतपणे म्हणाले. "फ्रीजरमध्ये फळं ठेवलीत त्यांनी. चमचा निघाला तर मी थांबणार. नाही निघाला तर म्हणाल तेव्हा निघतो."

लताबाईंनी काकांना फोन लावला. सगळं सांगितलं, गोळ्यांसकट. "अरे बापरे," काका म्हणाले. मग जरा थांबून, "पण वहिनी, माणसाच्या आशेला असं तोडू नये. पॉझिटिव्ह व्हायब्रेशन्सने हार्ट सुधारतं. शनिवारी घेऊन या त्यांना."

शनिवार उजाडला तो उन्हाळा घेऊनच. जानेवारीचा पहिला आठवडा आणि माणसं अर्ध्या बाह्यांत! काकांच्या शेजाऱ्याच्या चेरीला कळ्या धरल्या होत्या. अशा घाम फोडणाऱ्या दुपारी सगळं मंडळ पुन्हा परसात जमलं होतं, बर्फाचा मुहूर्त काढायला. गळ्यात शाल घेतलेले काका रुमालाने कपाळ टिपत होते.

"ही उष्णता म्हणजे बर्फाचीच चाहूल," ते म्हणाले. "समुद्र आधी मागे हटतो, मग लाट येते. तसंच!"

"वा काका!" कुणीतरी म्हणालं.

काकांनी बी उचलली, दोन बोटांत कडेवर उभी धरली आणि कडेतूनच सुरी घालून तिच्या दोन पसरट फाका केल्या. फाका सगळ्यांना दाखवायला हात वर केला. "चमचा!"

टाळ्या पडल्या. प्रल्हादरावांनी वल्लरीला जवळ ओढलं. त्यांचे डोळे भरून आले होते. ते पाहूनही लताबाई पुढे झाल्या.

"त्र्यंबकराव, त्याच फळातली आणखी एक बी द्या. मी कापते."

"वहिनी, त्याला एक पद्धत आहे..."

"असू द्या. मी तुमच्याच टेबलावर, तुमच्याच सुरीने कापते."

त्यांनी बी टेबलावर आडवी, पसरट ठेवली आणि वरून लांबीत सरळ सुरी दाबली. कट्ट आवाज झाला. अर्धी फाक उचलून त्यांनी पुढच्या रांगेतल्या उल्काच्या हातावर ठेवली.

"काय दिसतं?"

"रेघ. बारीक पांढरी रेघ." उल्काने डोळे वर केले. "आई, ही तर सुरी आहे."

"एकच फळ. एक बी म्हणते बर्फ, दुसरी म्हणते कोरडा वारा. झाडाने कुणाचं ऐकायचं?"

परसात कुजबूज सुरू झाली. काका घाईने म्हणाले, "आडवी बी कापायची नसते! दोष लागतो!"

"का नसते? सुरी निघते म्हणून?"

काकांनी शाल सारखी केली.

लताबाईंनी पर्समधून चमचा काढला. उशीखालचाच होता तो, त्यांनी पुसला नव्हता. तो त्यांनी सगळ्यांसमोर धरला. "हा काय आहे?" "चमचा," पोरं म्हणाली. त्यांनी तो कडेवर फिरवला. "आता?" "लाइन!" वल्लरी ओरडली. "Like a knife!"

"बस्स, एवढंच गुपित. बीच्या आत झाडाचं बाळ झोपलेलं असतं. त्याला दोन चपटी पानं असतात आणि एक देठ. कडेतून बी उकलली की पानं समोरून दिसतात, तो चमचा. वरून कापली की तीच पानं कडेने दिसतात, ती सुरी. पानांची टोकं जरा फाकलेली असली की काटा. हिवाळ्याचा त्यात काही संबंध नाही. आमच्या भंडाऱ्याला जंगलात टेंभरं पिकतात, तेंदूची फळं, याच झाडाचं भावंड. भर एप्रिलच्या उन्हात मी वर्गात त्यांच्या बिया कापायचे. चमचाच निघायचा. बाहेर झाडावरची पाखरं उन्हाने खाली पडायची."

"पण मागच्या वर्षी तर खरं ठरलं होतं!" मागून एक आवाज आला.

"आणि त्याच्या आधी? कधी कोरडा हिवाळा गेलाच नाही?"

शार्दूलने डोकं खाजवलं. "आम्ही आलो त्या वर्षी स्नो पडलाच नव्हता, यार. तेव्हाही चमचाच निघाला होता. दरवर्षी चमचाच निघतो."

कुणीतरी फिसकन हसलं. काका हसले नाहीत. "वहिनी, मी काय पैसे घेतो का कुणाचे?" ते पडेल आवाजात म्हणाले. "गंमत होती ती. एवढं सीरियसली कोण घेतं?"

लताबाईंनी चमचा त्यांच्यापुढे धरला. "ही पांढरी पूड दिसते? ही हृदयाची गोळी आहे. यांनी घेतलं सीरियसली."

त्यानंतर कुणी टाळी वाजवली नाही. माणसं डबे आवरून मोटारींकडे निघाली. वल्लरी मात्र तिथेच उभी राहून विचारत राहिली, "So it won't snow? आजी? आजोबांचं काय?"

प्रल्हादराव झाडाखाली एकटेच बसले होते. लताबाई शेजारी बसल्या.

"रागावलात?"

"नाही गं. तुझ्या वर्गासाठी टेंभरं कोण आणून द्यायचं? पोस्टातून येताना पिशवी भरून मीच आणायचो. बीत काय असतं ते मला दिवाळीलाच ठाऊक होतं."

लताबाई त्यांच्याकडे वळल्या. "मग हे अर्धी गोळी, उलटा लेंगा... कशासाठी?"

"उल्काचं ग्रीन कार्ड अडकलंय. ते मिळेपर्यंत ती भारतात येत नाही आणि मला पुन्हा हा प्रवास झेपत नाही. नुसतं 'राहतो' म्हटलं असतं तर तुम्ही कारण विचारलं असतं." त्यांनी सुजलेले पाय जरा पुढे घेतले. "बर्फ हे बरं कारण होतं. आता ते तू काढून घेतलंस. बरोबरच केलंस."

खोटं उघडं पाडता येतं, पण त्या खोट्याच्या आडोशाला बसलेल्या माणसाला दुसरी सावली कुठून आणून द्यायची? लताबाईंनी नवऱ्याचा हात हातात घेतला. मंगळवारी विमानतळावर चाकाच्या खुर्चीतून आत जाताना प्रल्हादराव मागे वळून हात हलवत राहिले. दार बंद झालं तरी हलवत राहिले.

फेब्रुवारीच्या मध्यावर न्यू जर्सीत बर्फ पडला.

भंडाऱ्याला फोन वाजला. "आजी! It's snowing! शाळेला सुट्टी!" मागे उल्काचा आवाज थकलेला होता. "आई, काकांचं सगळ्यांना ईमेल आलंय, 'उशिरा का होईना, चमचा खरा ठरला.' लोकांनी अभिनंदन केलंय गं. शार्दूल सोडून एकालाही तू बी कापलीस तो शनिवार आठवत नाही."

लताबाई खाटेजवळ उभ्या होत्या. खाटेवर तीन उशांना टेकून प्रल्हादराव बसले होते. हृदयाचं जे झालं ते पूर्ण भरून येणार नाही, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. चिडावं इतकी ताकदही लताबाईंत उरली नव्हती.

"आजी," वल्लरीने विचारलं, "did the seed know?"

"नाही, बाळा. थंडीत कधीतरी बर्फ पडतोच. पुढच्या दिवाळीला तू काकांकडे जा. एक बी उभी काप, एक आडवी काप. सगळ्यांना दोन्ही दाखव. कुणी हसलं तरी दाखव. आणि कुणी चमत्कार सांगितला की आधी विचार, दुसऱ्या बाजूने कापलं तर काय दिसेल?"

"ओके. And for आजोबा?"

"आजोबांसाठी खिडकी उघड आणि फोन बाहेर धर."

लताबाईंनी फोन नवऱ्याच्या कानाला लावला. बर्फ पडताना आवाज करत नाही, हे त्यांना ठाऊक होतं, प्रल्हादरावांनाही बहुधा ठाऊक असावं. तरी ते डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले.

माणसाने बर्फाची वाट बघावी, लेकीची बघावी, हवी त्याची बघावी. ती वाट बघण्यासाठी कुठल्या बीची परवानगी लागत नाही. आणि वाट बघायची तर आधी जगायला हवं.

"अहो, हात पुढे करा," लताबाई म्हणाल्या आणि त्यांनी त्यांच्या तळव्यावर अख्खी गोळी ठेवली.