तुऱ्याचा जवाब

२०१७ साली, गणपतीला महिना असताना, माझ्या यजमानांचा, बाळाजींचा, आवाज गेला. घशाचं दुखणं वाढत गेलं आणि शेवटी स्वरयंत्रच काढावं लागलं. बदलापुरात, कुळगावच्या आमच्या कोकणी मंडळींत ते शक्ती-तुऱ्याचे शाहीर होते. शक्तीवाले म्हणतात, जग प्रकृतीनं चालतं. तुरेवाले म्हणतात, शिवानं. दोन शाहीर समोरासमोर गाऊन यावर भांडतात. विठ्ठलवाडीचे बबनभाऊजी शक्तीचे, हे तुऱ्याचे. कित्येक वर्षांत निकाल लागला नव्हता.

मागच्या गणपतीत भाऊजींनी सवाल टाकला होता: गाढ झोपेत माणसाला स्वतःचाही पत्ता नसतो, मग सकाळी 'छान झोप लागली' हे कोण सांगतं? जवाब यंदा द्यायचा होता. नाही दिला तर हार.

जवाब तयार होता. सून संजीवनी म्हणाली, "बाबा, लिहून द्या ना. मी व्हॉट्सॲप करते त्यांना."

यांनी हात झटकला. कागदाला उलट सवाल कसा करणार, असं ते नेहमी म्हणायचे. यांच्या गाण्याच्या पार्टीतल्या पोरांना कवन पाठ होतं, पण उलट सवाल आला की ती एकमेकांची तोंडं बघायची.

शेवटी मीच भाऊजींना बोलावून घेतलं. दुपारी आले, खाटेजवळ बसले.

"बोला वहिनी. यंदा तुरा पदर घेऊन आला म्हणायचा."

भाकऱ्या थापताना कानावर पडलेलं कवन मी जमेल तसं गायले: आत एक साक्षी असतो, तो कधी झोपत नाही, तोच सांगतो.

भाऊजींनी लगेच उलटवलं. "साक्षीला तोंड कुठलं? तोंडच नाही, तर सांगणार..." यांच्या गळ्यावरच्या पट्टीकडे लक्ष गेलं आणि ते थांबले. "चुकलं, शाहीर."

यांनी मला खूण केली, दे जवाब. पण कवन तिथंच संपत होतं. यांच्या उशाशी रात्री काढून माझं अंग आंबून गेलेलं. शास्त्र कुठलं सुचायला? मी म्हणाले, "शेजारी जी जागी असते ना भाऊजी, ती सांगते. आज बरी झोप लागली हो तुम्हाला, म्हणते. माणूस तेच खरं धरून चालतो."

भाऊजी हसत सुटले. "अहो, जागी ती बाई, म्हणजे प्रकृतीच; हा तर शक्तीचा जवाब. घरच्या घरी नवऱ्याला हरवलंत."

मला यांच्याकडे बघवेना. तोच यांनी खाटेच्या लाकडावर बोटांनी नव्या कडव्याचा ठेका धरला आणि माझ्याकडे मान वळवली. हार मान्य नव्हती. भांडण पुढं न्यायचं होतं, आणि ते मी.

चहा दोनदा झाला, तरी भांडण मिटलं नाही.

होळीच्या आधी हे गेले. पार्टी मोडली, पोरं कामाधंद्याला लागली. बबनभाऊजींना आता ऐकू येत नाही, तरी अधूनमधून येतात, सवाल टाकतात आणि माझ्या ओठांकडे बघून मान हलवतात. संजीवनी अंबरनाथला राहायला गेली. कधी फोनवर विचारते, "आई, बाबांचा तो जवाब काय होता?" मी सांगते. दर वेळी थोडा वेगळा होतो. दुरुस्त करायला आता कोणी नाही.