चौकशीबाईचे स्टूल

मित्रांनो, मी एक जुने घडीचे स्टूल आहे. माझा एक सांधा कुरकुरतो, त्यामुळे वय लपवू म्हटले तरी लपत नाही. सुताराने लाकडी पायांवर जाड कापड ठोकून मला घडवले आणि स्वतः बसून पाहिले. मी मोडणार नाही, अशी त्याने हमी दिली. आजवर मी त्याचा शब्द राखला आहे.

समाजशास्त्र विभागाने मला विकत घेतले. मुलाखती घ्यायला निघालेले विद्यार्थी मला काखोटीला मारून नेत. बाजार, बसथांबे, कारखान्यांची फाटके, सगळीकडे मी हिंडले. पुढे फोनवरूनच माहिती गोळा होऊ लागली आणि माझी रवानगी कपाटामागे झाली. सात वर्षे मी धूळ खात पडले. खरे सांगते, फार वाईट वाटायचे.

मग एका विद्यार्थिनीने मला बाहेर काढले. विद्यार्थ्यांच्या उत्तम सामाजिक संशोधनाला विद्यापीठ दरवर्षी पुरस्कार देते, त्यावर तिचा डोळा होता. पुरस्कार मिळाला तर पुढे शिक, नाहीतर दुकानात बस, असे वडिलांनी तिला बजावले होते. तिचा विषय होता, रुग्णालयाच्या धुलाईघरातल्या बायकांना विश्रांती किती मिळते.

महिनाभर ती माझ्यावर बसून प्रश्न विचारी. बायका उभ्यानेच चादरींच्या घड्या घालत उत्तरे देत. त्यांनी तिचे नाव चौकशीबाई ठेवले होते. चाळीस जणींनी एकच सांगितले, जेवणानंतर अर्धा तास मिळतो. तक्ता कसा आखीवरेखीव झाला. तिचे सरही खूश झाले.

निबंध द्यायला सहा दिवस उरले असताना ती सर्वांचे आभार मानायला गेली. तिथली सर्वांत वयस्क बाई, जिला सगळ्या मावशी म्हणत, गुडघा धरून भिंतीला टेकली होती. मुलीने मला पुढे सरकवले. मावशीने आधी दाराकडे पाहिले, मग बसली. मी कुरकुरले.

"अकरा वर्षांत इथे पहिल्यांदा बसले बघ," ती म्हणाली.

"मग तो अर्धा तास?"

"तो कागदावर, बाळा. मुकादम दारात उभा असायचा. त्याच्यासमोर तुला काय सांगणार?"

मुलीचा चेहरा खर्रकन उतरला. मलाही शरम वाटली. महिनाभर तिच्याशिवाय माझ्यावर कोणी टेकले नव्हते, हे मला ठाऊक होते. पण स्टुलाला तोंड कुठले?

सर म्हणाले, तारीख तोंडावर आली आहे, आता तक्ता मोडलास तर काम अर्धवट राहील आणि पुरस्कारही जाईल. ती रडली नाही की काही नाही. सकाळी मला उचलून निघाली. बायकांना कामावरून सुटल्यावर थांब्यावर, त्यांच्या अंगणात गाठू लागली. आता त्या माझ्यावर बसत आणि ती खाली. सहा दिवसांत तेवीसच जणी झाल्या, पण मावशीचेच म्हणणे खरे निघाले. तिने दोन्ही तक्ते शेजारी शेजारी छापले, कोणाचेही नाव न देता.

पुरस्काराच्या दिवशी परीक्षक बाईंनी निबंधातली एकच ओळ वाचून दाखवली. "पहिला तक्ता चुकीचा आहे, कारण विचारताना मी बसले होते आणि सांगणाऱ्या उभ्या होत्या." चूक झाल्यावर ती झाकण्याऐवजी तिच्यातून शिकणारे हे संशोधन यंदाचे सर्वोत्तम आहे, असे त्या म्हणाल्या. शेवटच्या रांगेत वडील डोळे पुसत होते. दुकानाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

तो निबंध रुग्णालयातही वाचला गेला. परवा मुलगी मला घेऊन धुलाईघरात गेली, तर भिंतीलगत लांब बाक होता आणि मावशी त्यावर पाय पसरून बसली होती.

"चौकशीबाई, आज स्टूल तुलाच," ती हसून म्हणाली.

आपली गरज संपल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मित्रांनो, अधूनमधून माझी धूळ झटकलीत तर बरेच वाटेल. पण त्याहून मोठे मागणे एकच आहे. कोणाला काही विचारायला जाल, तेव्हा आधी त्याला बसायला द्या.