सासरी मोजतील

१९५१ च्या फेब्रुवारीतला रविवार. डोंबिवलीच्या गुरुदत्त गुप्त्यांच्या घरी सकाळपासून लगबग चालली होती. संध्याकाळी ठाण्याहून त्यांच्या मुलीला, चित्राला, पाहायला मंडळी येणार होती. तिची आई मंदाकिनीबाई वाटाणे सोलत होत्या, गुरुदत्त स्वतः बैठकीवरची चादर ताणून घालत होते, आणि मागच्या पडवीत त्यांची धाकटी बहीण वासंती यंत्रावर चित्राचेच पोलके शिवत होती. पाहुणे जाईपर्यंत तिने पुढे यायचे नाही असे ठरले होते. ठरवताना तिला कोणी विचारले नव्हते.

तेवढ्यात शिरगणतीचे गुरुजी आले. तानाजी भोईर, गावच्या शाळेतले तरुण शिक्षक. आठवडाभर सरकारी दवंडी फिरत होती की तान्हे मूल असो वा अंथरुणावरचा म्हातारा, एकही माणूस मोजणीतून सुटता कामा नये.

"घरात माणसं किती, साहेब?"

"तीन. मी, मंडळी आणि मुलगी."

मागे यंत्र खडखडले. गुरुजींनी तिकडे पाहिले.

"बहीण आहे," गुरुदत्त घाईने म्हणाले. "कल्याणला दिलीय. चार दिवस आलीय. तिला सासरी मोजतील."

यंत्र थांबले. वासंती उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"सासरी मला कोण मोजणार, दादा? त्यांनी दुसरी करून आणली, त्याला चार वर्षं झाली. तिथे बायको म्हणून तिचं नाव लागणार. इथे तू मला पाहुणी म्हणतोस. मग मी आहे तरी कुठे?"

"वासंती, आत जा! आजच्या दिवशी तमाशा नको."

"गुरुजी, माझं नाव लिहा."

"भोईर, घराच्या अब्रूचा प्रश्न आहे. तीन लिहा आणि निघा."

"जितं माणूस समोर उभं असताना नाही कसं लिहू, साहेब?" गुरुजी शांतपणे म्हणाले. "ताई राहतात कुठे, एवढंच सांगा."

"इथेच," स्वयंपाकघराच्या दारातून चित्रा म्हणाली. "आत्या इथेच राहते."

गुरुजी लिहू लागले. लग्नाचा प्रश्न आला.

"टाकलेली, असं लिहायचं का?" वासंतीने विचारले.

"तसा प्रकार नाही, ताई. अविवाहित, विवाहित, विधवा नाहीतर घटस्फोटित."

"मग विवाहित लिहा. मुंबई इलाख्यात कायद्याने बंदी असताना दुसरं लग्न केलं त्यांनी, आणि लपवून ठेवायचं मात्र मला!"

"उदरनिर्वाह?"

"माझ्यावर अवलंबून," गुरुदत्त तुटकपणे म्हणाले.

आजवर नवऱ्यापुढे न बोललेल्या मंदाकिनीबाईंनी वाटाण्यांचे ताट बाजूला सारले. "खोटं कशाला? गेल्या पावसाळ्यात तुम्ही बिनपगारी अंथरुणाला खिळला होतात, तेव्हा वन्संच्या शिवणावरच आपली चूल पेटली."

गुरुजींनी वासंतीपुढे 'स्वावलंबी' असे लिहिले.

संध्याकाळी मंडळी आली. वासंती पडवीत गेली नाही. चहाचे कप तिनेच आणले.

"या कोण?" मुलाच्या आईने विचारले.

गुरुदत्तांनी घाईने पाहुण्यांपुढे चहा सरकवला. चित्राच बोलली, "माझी आत्या. हिच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं, म्हणून ही आमच्याकडे असते."

बाईंनी कप खाली ठेवला. "हे आधी कळवलं नव्हतंत." थोड्या वेळात मंडळी उठली. ती पुन्हा कधीच आली नाहीत.

दार लागताच गुरुदत्त मुलीवर कडाडले, "स्वतःच्या हाताने आयुष्याचं वाटोळं केलंस!"

"बाबा, उद्या माझ्यावर अशी वेळ आली, तर मलाही पडवीतच ठेवाल ना?"

 बहिणीला आपण आसरा दिला, असे गुरुदत्त इतकी वर्षे मानत आले होते. तो आसरा पोटच्या मुलीला द्यावा लागेल, ही कल्पनाच त्यांना सोसवेना.

दुसऱ्या दिवशी वासंती चित्राला घेऊन कल्याणला एका वकिलांकडे गेली. नवऱ्यावर फिर्याद करायची म्हणताच वकिलांनी चष्म्यावरून पाहत विचारले, "घरच्यांची संमती आहे का, बाई?"

"माझी आहे," वासंती म्हणाली, आणि समोरची खुर्ची ओढून बसली.