गोळीचा उपास

दवाखान्यात तारखेला न आलेल्या पेशंटांना फोन करायचं काम माझ्याकडे आहे, कारण माझा आवाज मोठा आहे असं डॉक्टर म्हणतात. ब्लड प्रेशरवाल्यांच्या सबबी मला तोंडपाठ झाल्यात. गावी गेलो होतो, पाहुणे आले, आता बरं वाटतंय. जोगेश्वरीच्या काशीराम परबांची सबब मात्र नवी होती.

"गोळ्या संपल्या नाहीत, मालनसिस्टर. संपल्या की येतो."

तीस गोळ्या देऊन दोन महिने होत आले होते. रोज एक घेणाऱ्याला त्या पुरल्या कशा? डोकं तापलं, प्रेशरचं मशीन पिशवीत टाकलं आणि तडक त्यांच्या चाळीत गेले.

काका खाटेवर ऐसपैस बसले होते. रत्नप्रभाकाकी चहा ठेवायला उठल्या. मी पाकीट मागितलं, तर आत आठ गोळ्या शिल्लक.

"डॉक्टरच बोलले ना, सुकट खाल्लं की प्रेशर वाढतं?" काका मलाच समजावू लागले. "म्हणून वशाट, मासळी-मटण असेल त्या दिवशी गोळी. सोमवार, गुरुवार, शनिवार आमच्यात वशाट नाय. मगे गोळी कित्याक?"

"म्हणजे गोळीलाही उपास?"

"आता तर श्रावण," ते समाधानाने म्हणाले. "महिनाभर सुट्टी."

"वा काका. देव तुम्हाला पावणार, आणि मला डॉक्टर फाडून खाणार."

काकी पदर तोंडाला लावून हसल्या. मलाही हसू आवरेना. हसता हसताच मी काकांच्या दंडाला पट्टा बांधला. एकशे ऐंशी, एकशे दहा. थांबून पुन्हा मोजलं, तेवढंच. आता मला खरंच भीती वाटली.

"काका, या आकड्यावर माणसाचं अर्धं अंग जातं. उद्या दवाखान्यात यायचं, आणि गोळी आत्ता, माझ्यासमोर."

"आज सोमवार," काका हट्टाने म्हणाले. "सकाळपासून मीठसुद्धा नाही पोटात. प्रेशर कशाने वाढेल? तुझं मशीन बिघडलंय."

मी तोंड उघडणार, तोच काकींनी गॅस बंद केला. त्यांचं हसू गेलं होतं.

"तुमच्या थोरल्या भावाची प्रेशरने वाचा गेली तो गुरुवार होता," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मीच वाढलं होतं त्यांना. वरणभात."

माझ्याकडे न बघता काकांनी हात पुढे केला, आणि मी तळहातावर गोळी ठेवली.